तिथीवर उघडणाऱ्या गोष्टी

खानदेशातल्या सावदा आणि आसपासच्या गावांत लोककथा ऐकायची असेल, तर आधी पंचांग पाहावे लागते. गुलाबाईची गाणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. त्यानंतर ती कोणी म्हणत नाही. गौराईची गाणी आखाजीची. कानबाईचे जागरण श्रावणातल्या एका रात्रीचे. अश्वत्थाम्याची गोष्ट सातपुड्यात केव्हाही निघते, पण त्याच्या डोंगरावर माणसे चढतात ती धनत्रयोदशीच्या सुमारास.

याउलट जर्मनीतल्या कासेल शहरात ग्रिम बंधूंच्या नावाचे ‘ग्रिमवेल्ट’ हे संग्रहालय 2015 साली उघडले. त्यांच्या परीकथांचा पहिला भाग 1812 साली छापला गेला होता. डेन्मार्कमध्ये ओडेन्सेला हान्स क्रिश्चन अँडरसनचे नवे संग्रहालय 2021 साली उभे राहिले. तिकीट काढले की या गोष्टी कुठल्याही महिन्यात पाहता येतात. सावद्याकडच्या गोष्टींना अशी इमारत नाही. त्यांचा दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे आणि पुष्कळदा समोर मांडायची वस्तूही ठरलेली आहे. वस्तू मांडली की गोष्ट सुरू होते. ती नदीत गेली की गोष्ट वर्षभरासाठी मिटते. म्हणून खानदेशात येत्या वर्षी लोककथेचे काय काय पाहायला मिळेल, या प्रश्नाचे उत्तर तिथ्यांच्याच क्रमाने द्यावे लागते.

या तिथ्या इंग्रजी तारखांवर दरवर्षी सरकतात. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते, त्यामुळे सण दरवर्षी तेवढे अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. 2025 साली धनत्रयोदशी 18 ऑक्टोबरला होती. 2026 साली ज्येष्ठ अधिक असल्याने ती 6 नोव्हेंबरला आहे. मुंबई-पुण्याहून रजा काढून येणाऱ्याने गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नये.

सावदा हे जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातले, केळीच्या पट्ट्यातले गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि गावाला लागून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. या रस्त्याने पूर्वेला रावेर आणि पुढे बऱ्हाणपूर, म्हणजे निमाडची हद्द. पश्चिमेला फैजपूर, यावल, चोपडा. गावात लेवा गणबोली कानावर पडते, जळगाव-जामनेरकडे तावडी, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, डोंगरात पावरी आणि भिल्लांच्या बोली. व्यापारी, वारकरी, मजूर आणि फौजा या एकाच वाटेने शतकानुशतके आल्या-गेल्या. वाट वाहती असली की गोष्टीही वाहत येतात, आणि इथे त्या माळव्यातून, विदर्भातून, डोंगरातून येऊन एकमेकींत मिसळल्या आहेत.

वैशाख शुद्ध तृतीयेची आखाजी हा लेकींचा सण. अक्षय्य तृतीया देशभर असते, पण लग्न झालेली लेक माहेरी आलीच पाहिजे असा आग्रह खानदेशात जितका आहे तितका इतरत्र क्वचित. कडुनिंबाला झोके बांधले जातात. घरात पितरांची घागर भरतात, तिच्याजवळ आंबे आणि खरबूज ठेवतात. जेवणात पुरणपोळी आणि आमरस. शेतावरच्या सालदाराचे वर्षही याच दिवशी संपते आणि नवे बोलणे याच दिवशी होते, त्यामुळे या तिथीला घरदार आणि शेतशिवार दोन्हींचा हिशेब असतो. गौराई म्हणजे पार्वती. तीही इथे देवी म्हणून येण्याआधी माहेरवाशीण म्हणून येते. गाण्यांतली गोष्ट साधी आहे: लेक आली, झोक्यावर बसली, सुखदुःख बोलली, आणि चार दिवसांत शंकर तिला न्यायला दारात उभा राहिला. खरी लेक आणि देवी यांचे मुक्कामाचे दिवस सारखेच मोजलेले असतात.

श्रावणात कहाण्यांचा महिना लागतो. आटपाट नगरातल्या या कहाण्या महाराष्ट्रभर सारख्याच असल्याने इथे त्यांचा विस्तार नको. खानदेशाची स्वतःची गोष्ट म्हणजे कानबाई. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ती बसते. पश्चिम खानदेशात, अहिराणी बोलणाऱ्या गावांत, तिचा जोर मोठा आहे. घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे गहू मोजून घेतात, दळतात आणि त्याचे रोट होतात. देवीचा चेहरा नारळाचा असतो. त्याला डोळे, नथ, कुंकू, दागिने चढवले की नारळ दिसेनासा होतो आणि बाई दिसू लागते. अनेक घरांत हा नारळ वर्षानुवर्षे जपलेला असतो. रात्रभर गाणी आणि फुगड्या, सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन मिरवणूक आणि नदीवर निरोप. रोट भाऊबंदांतच खायचे असतात, त्यामुळे कानबाईच्या निमित्ताने विखुरलेले कुळ एका चुलीपाशी गोळा होते. पोटापाण्यासाठी सुरतेला गेलेल्या खानदेशी वस्त्यांतही कानबाई बसते. तिथे नदीपर्यंतची वाट शहरातली असते, रोटाचा हिशेब मात्र गावाकडचाच.

सावदा-फैजपूर-यावल पट्ट्यात खरी गजबज होते ती गुलाबाईच्या महिन्यात. भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई आणि गुलोजी यांची मातीची रंगवलेली जोडी घरात येते. गुलोजीला फेटा, गुलाबाईला लुगडे. विदर्भात हीच जोडी भुलाबाई आणि भुलोजी म्हणून ओळखली जाते, आणि जळगाव शहरात दोन्ही नावे चालतात. महिनाभर रोज संध्याकाळी आळीतल्या मुली एका घरी जमतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, मग दुसऱ्या घरी, मग तिसऱ्या. पूजेला मंत्र लागत नाही, भटजी लागत नाही. हे सगळे दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या हातात असते.

भुलाबाई या नावामागची गोष्ट अशी सांगतात. शंकर-पार्वती सारीपाट खेळत होते. शंकर हरला, रागावला आणि रानात निघून गेला. पार्वतीने समजूत घातली नाही. तिने भिल्लिणीचे रूप घेतले आणि नाचत-गात त्याच्या वाटेत उभी राहिली. तपस्वी देव त्या रानातल्या बाईवर भुलला, म्हणून तो भुलोजी. भुलवणारी ती भुलाबाई. गोष्ट पुराणातल्या देवांची असली, तरी तिचा भूगोल इथला आहे. सावद्याच्या गच्चीवरून उत्तरेकडे दिसणारी निळी रांग म्हणजे भिल्लांचा सातपुडा. सपाटीवर केळी आणि ज्वारी पिकवणाऱ्या लोकांनी देवाला भुलवण्याची जागा म्हणून तो डोंगर निवडला, आणि देवीला शेतकऱ्याच्या बायकोचे रूप न देता भिल्लिणीचे दिले. रुसलेल्या नवऱ्याला बायकोने आपल्या अकलेने परत आणावे, ही गोष्ट लग्नाच्या उंबरठ्यावरच्या मुलींना महिनाभर ऐकवली जाते, यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांचे शहाणपण आहे.

गाण्यांचा विषय मात्र देवादिकांचा फारसा नाही. तो सासरचा आहे. खडूस सासू, चहाडखोर नणंद, मुका राहणारा नवरा, न्यायला येणारा भाऊ. यातले सर्वांत नावाजलेले गाणे कारल्याच्या वेलाचे. सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते. सासू म्हणते, कारल्याचे बी पेर आणि मग जा. बी पेरले, तर अंकुर येऊ दे. अंकुर आला, तर वेल चढू दे, मग फूल, मग कारले, मग त्याची भाजी. प्रत्येक कडव्यात एक अट वाढते आणि मागच्या अटींची उजळणी होते. कारल्याचे बी पेरल्यापासून फळ हाती यायला सुमारे दोन महिने लागतात, हे शेतकऱ्याच्या मुलीला माहीत असते. त्यामुळे सासूने किती दिवस अडवून धरले, हे गाण्यात न सांगताही तिला कळते.

अशा रचनेला लोकसाहित्याच्या अभ्यासात साखळीकथा म्हणतात. जगभरच्या लोककथांच्या वर्गीकरणात 2000 पासून पुढचे क्रमांक याच प्रकारासाठी राखून ठेवलेले आहेत. एक कडी जोडली की मागच्या सगळ्या कड्या पुन्हा म्हणायच्या. लहान मुलांच्या स्मरणशक्तीला यासारखा दुसरा व्यायाम नाही. माहेर-सासरची वाट हाही जगभरच्या कथांचा लाडका धागा. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी आणि वाघाला चकवणारी म्हातारी मराठी मुलांना जितकी ओळखीची, तितकीच ती बंगालात आणि इराणात आहे. पण कारल्याच्या गाण्यात वाघ नाही. तिथे वाट अडवणारी घरातलीच माणसे आहेत.

गाणी संपली की खाऊ ओळखायचा. घरची मुलगी झाकण घट्ट लावलेला डबा आतून आणते आणि तो सगळ्यांच्या कानाजवळ हलवते. फुटाणे खळखळतात. मुरमुरे नुसते सळसळतात. लाडू धप्प करून एका बाजूला जातो. गोड की तिखट, एवढेच विचारायची मुभा असते. सावद्याकडे केळीचे वेफर्स घरोघरी, ते डब्यात असले तर पहिल्याच हेलकाव्याला ओळखतात, म्हणून चतुर आई डब्यात आधी फडके घालते. राजगिऱ्याचा लाडू, खोबरे-साखर, शेव, शेंगदाण्याची चिक्की अशी नावे घेत मुली हरत जातात, आणि ओळखता आले नाही तर ते घर जिंकले. हा कोड्यांचाच खेळ आहे, फक्त यातले कोडे शब्दांऐवजी आवाजाचे आहे. ओळखू येऊ नये असा खाऊ रोज शोधणे ही त्या महिन्यात आयांची खरी कसोटी असते.

कोजागिरीला गुलाबाईचा शेवट. तोवर ज्वारी कणसावर आलेली असते. त्या रात्री अनेक घरी ज्वारीच्या धांड्यांचे मखर करून जोडी त्यात बसवतात, खाऊचे प्रकार वाढतात, दूध आटते, आणि मग मातीची जोडी पाण्यात जाते. खेळाच्या मुळाशी पिकाची पूजा आहे, हे या धांड्यांवरून उघड दिसते.

सावद्याचे स्थान इथे महत्त्वाचे ठरते. पश्चिम महाराष्ट्रात याच दिवसांत मुली हत्तीचे चित्र मध्ये ठेवून भोंडला किंवा हादगा खेळतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. पूर्वेला, निमाड-माळव्यात, पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजाच्या आकृत्या काढतात, त्यांवर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात आणि शेवटी किल्लाकोट काढून अमावास्येला त्या विसर्जित करतात. हादगा, भुलाबाई आणि संजा या तिन्ही बहिणी. तिघींचा काळ पावसाळा सरतानाचा, तिघींचा वेळ संध्याकाळचा, तिघी कुमारिकांच्या. या तिन्ही रीती जिथे जवळजवळ येतात, त्या पट्ट्यात सावदा आहे. जळगाव शहरात केशवस्मृती प्रतिष्ठानच्या पुढाकाराने भुलाबाई महोत्सव भरतो. शाळाशाळांचे संघ रंगमंचावर ही गाणी सादर करतात. शहरातल्या मुलींना गाणी पाठ होण्यासाठी या महोत्सवाचा मोठा उपयोग आहे. मात्र रंगमंचावर प्रेक्षक समोर बसतात. आळीत प्रेक्षक नसतातच, तिथे आलेली प्रत्येक मुलगी खेळातली असते. म्हणून महोत्सव पाहावा, पण आळीतली एक संध्याकाळ चुकवू नये.

दिवाळीच्या तोंडावर गोष्ट डोंगरात जाते. नंदुरबार जिल्ह्यात, पूर्वीच्या पश्चिम खानदेशात, अस्तंबा हे सातपुड्यातले 1325 मीटर उंचीचे शिखर आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो आदिवासी भाविक तळोद्याकडून चालत तिथे चढतात. शिखरावर अश्वत्थाम्याचे ठाणे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात द्रोणपुत्र अश्वत्थाम्याच्या मस्तकातला मणी काढून घेतला जातो आणि कृष्ण त्याला तीन हजार वर्षे भटकण्याचा शाप देतो. सातपुड्याच्या गोष्टीत ती वर्षे अजून सरलेली नाहीत. कपाळावरची जखम वाहत असते आणि तो वाटेत भेटणाऱ्याकडे तिच्यावर लावायला तेल मागतो. राजवंशाच्या महायुद्धातला सर्वांत अपराधी योद्धा डोंगरातल्या लोकांनी ऋषी म्हणून आपला मानला. त्याच्या पापापेक्षा त्याची न भरणारी जखम त्यांना अधिक जवळची वाटली असावी.

हाच अश्वत्थामा सावद्याच्या पूर्वेलाही भेटतो. बऱ्हाणपूरच्या पलीकडे असीरगडावर महादेवाचे देऊळ आहे. पहाटे दार उघडण्याआधीच पिंडीवर ताजे फूल असते आणि ते अश्वत्थामा वाहून जातो, असे सांगतात. असीरगडाची दुसरी गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांतून आली आहे, पण तिची घडण लोककथेचीच. गड आसा अहिराचा. फारुकी घराण्याच्या नासिरखानाने त्याच्याकडे विनंती केली की शत्रूचे भय आहे, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा दे. भल्या मनाच्या आसाने दरवाजे उघडले. डोल्या वर आल्या, पडदे बाजूला झाले आणि आतून हत्यारबंद शिपाई उतरले. लाकडी घोड्यातून ट्रॉयमध्ये शिरलेल्या ग्रीकांची गोष्ट शाळेत शिकवली जाते, डोल्यांची ही गोष्ट फारशी कोणी शिकवत नाही. पाहुणा म्हणून आलेल्याने घर बळकावले, हा तिचा गाभा गवळ्या-अहिरांच्या स्मृतीत खोल बसला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यातल्या मनुदेवीच्या स्थानाभोवतीही हरवलेल्या गवळी राजाची गोष्ट फिरत राहते.

हिवाळ्यातल्या जत्रांमधून थोडक्यात पुढे जाता येते. चोपडा तालुक्यात अडावदजवळच्या उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. शरभंग ऋषींची व्याधी बरी व्हावी म्हणून रामाने बाण मारून तो काढला असे सांगतात, आणि पौषात तिथे जत्रा असते. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असे स्थानिक मानतात. तिथला पांडववाडा आणि पद्मालयाजवळचे भीमकुंड दाखवून बकासुराचा वध सांगितला जातो. पद्मालयाला दोन गणपती शेजारी शेजारी आहेत, एकाची सोंड डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, आणि देवळापुढे कमळांचे तळे. खानदेशातल्या गावजत्रांत बारागाड्या ओढण्याची प्रथाही आहे. एकमेकींना जोडलेल्या, माणसांनी भरलेल्या बारा बैलगाड्या भगत ओढतो, तेव्हा त्या गावाच्या दैवताची गोष्ट सांगावी लागत नाही, ती डोळ्यांपुढे घडते.

माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताईनगर आणि चांगदेव इथे यात्रा भरते. सावदेकरांना ही घरची यात्रा. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव गाव आहे आणि तिथे जुन्या दगडी बांधणीचे देऊळ. चांगदेव हा चौदाशे वर्षे जगलेला योगी, असे कथा सांगते. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्याने पत्र लिहायला घेतले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, हे ठरेना. शेवटी कोरा कागदच गेला. तो पाहून त्यांच्या बहिणीने, मुक्ताबाईने, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, अशा अर्थाचे उद्गार काढले. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल ज्या 65 ओव्या लिहिल्या, ती चांगदेव पासष्टी. मग चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघाला, आणि ज्ञानेश्वरांसह चारही भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच त्यांना घेऊन सामोरी गेली.

वाघावरचा सिद्ध आणि भिंतीवरचा संत, ही जोडी दूरवर पसरलेली आहे. भारतातल्या सूफी पीरांच्या कथांत ती आहे. तुर्कस्तानात हाजी बेकताश यांच्याबद्दल हीच कथा सांगतात: समोरचा दरवेश सिंहावर बसून सापाचा चाबूक घेऊन आला, आणि बेकताश निर्जीव दगडावर बसून पुढे सरकले. जिवंत प्राण्याला वश करण्यापेक्षा निर्जीवाला चालवणे मोठे, हा युक्तिवाद सगळीकडे तोच. खानदेशाच्या गोष्टीला मात्र एक अधिकचे पात्र आहे, ती मुक्ताबाई. चौदाशे वर्षांच्या योग्याने अखेर आपले गुरू केले ते या लहान मुलीला. परंपरेप्रमाणे शके 1219, म्हणजे 1297 साली, तापीकाठी वीज कडाडली आणि तिच्यात मुक्ताबाई दिसेनाशी झाली. तिची पालखी दर आषाढीला मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाते. ही वाट महिन्याहून अधिक दिवसांची असते.

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातल्या आठवडे बाजारांना भोंगऱ्या म्हणतात. रावेर तालुक्यातल्या पाललाही तो भरतो. मोठे ढोल, बासऱ्या, एकसारख्या कापडाचे पोशाख घातलेल्या पावरा मुलींचे घोळके, आणि डाळ्या-गुळाची खरेदी. हा मुलींना पळवून नेण्याचा बाजार, अशी समजूत सपाटीवर रुजली आहे आणि वर्तमानपत्रांनी ती वाढवली. पावरा समाजातल्या जाणत्यांना ती मान्य नाही, आणि त्यांचे म्हणणे मानले पाहिजे. होळीसाठी लागणाऱ्या वस्तूंचा आणि वर्षभरानंतरच्या भेटीगाठींचा तो बाजार आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची होळी रात्रभराच्या नाचानंतर पहाटे पेटते. बुध्या आणि बावा झालेले पुरुष अंगावर नक्षी, कमरेला घुंगरू किंवा भोपळे आणि डोक्यावर उंच टोप बांधून नवस फेडतात.

या सगळ्यांखेरीज काही गोष्टींना तिथी नाही. त्या रात्रीच्या आहेत. केळीला पाणी फार लागते आणि शेतीपंपांची वीज पुष्कळदा रात्री येते, त्यामुळे बागेत जागणारा माणूस हा या भागातला जुना कथेकरी. पिंपळावरचा मुंजा, विहिरीकाठच्या शेंदूर फासलेल्या सात दगडांतल्या साती आसरा, आणि सर्वांत जास्त चकवा. ओळखीच्या बांधावरून निघालेला माणूस त्याच केळीच्या ओळींतून फिरत राहतो आणि पुन्हा त्याच मोटारीपाशी येतो. उपाय एकच सांगतात: होता तिथे बसून घ्यावे, तांबडे फुटले की वाट आपोआप दिसते. आयर्लंडमध्येही अशी भुलवणारी जमीन आहे. तिथे अंगातला कोट उलटा करून घालायचा असतो. डोक्यापेक्षा उंच, एकसारख्या ओळींच्या केळीच्या बागेत चांदण्या रात्री उभे राहिले, की चकवा हा शब्द का लागला ते लगेच कळते. ठिबक सिंचन आले, त्यावर वेळ लावता येऊ लागली, तसे रात्रीचे जागणे कमी झाले आणि या गोष्टींचे ऐकणारेही.

आता लिहून ठेवलेले आणि मांडून ठेवलेले काय आहे ते पाहू. आसोद्याला 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी उतरवून घेतली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू पाहता येतात. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ सिद्ध केले. धुळ्याला 1927 साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात हस्तलिखिते आणि वस्तूंचा संग्रह आहे. अहिराणीसाठी सुधीर देवरे यांनी ‘ढोल’ हे नियतकालिक चालवले. जळगावच्या विद्यापीठाला 2018 साली बहिणाबाईंचे नाव मिळाले.

सावद्याच्या शेजारी, फैजपूरला, एक मोठे प्रदर्शन भरून गेले आहे. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन तिथे झाले. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी अधिवेशनासाठी टिळकनगर उभारले ते बांबू, चटया आणि गवत अशा गावातल्याच सामानातून. खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. खेड्यातल्या माणसाला त्याच्याच हातच्या वस्तू पाहण्याजोग्या आहेत असे सांगणारे ते प्रदर्शन होते. टोपली, चटई, सूत यांना तिथे मान मिळाला. गोष्टींना तसा मान देणारे प्रदर्शन या परिसरात व्हायला हवे, आणि ते अवघड नाही.

त्याची सुरुवात मोबाइलच्या रेकॉर्डरवरही होऊ शकते, पण गाण्याचे शब्द तेवढे उतरवून भागत नाही. छापील संग्रहांत गुलाबाईची गाणी आहेत. ती कुणाच्या ओसरीवर, कोणत्या तिथीला, किती मुलींनी म्हटली, कोणते कडवे विसरले आणि ते कोणत्या आजीने आतून ओरडून सांगितले, हे त्यांत नसते. भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी हे तीस दिवस हाताशी असतात. सावदा, फैजपूर, चिनावल, खिरोदा अशा गावांतल्या शाळांनी प्रत्येकी एका आळीची एक संध्याकाळ पूर्ण टिपायची ठरवली, तरी एका हंगामात मोठा ठेवा जमेल. त्यात गाण्याआधीची कुजबुज असावी, टिपऱ्यांचा ठेका असावा, आणि शेवटी झाकण लावलेला डबा कानाजवळ हलतो त्याचा आवाज असावा, पाठोपाठ मुलींनी घेतलेल्या खाऊच्या नावांसकट.